विरघळलेली गोळी नष्ट होते का?

‘जुन्या गोळ्या संडासात टाका, पाण्यात विरघळून नाहीशा होतात’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. पण विरघळणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मुख्यतः गाळ आणि सेंद्रिय घाण काढतात. कार्बामाझेपिनसारखं (फिट्सवरचं) औषध जवळजवळ तसंच नदीत पोहोचतं. मात्रा अत्यल्प असते, हे खरं. तरीही कॅनडातल्या एका तळ्यात २००१ पासून प्रयोग म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक मिसळलं, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग), आणि तिथली एक लहान माशांची जात जवळपास संपली.

पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण आले की काही औषधं त्यांना चिकटतात. कणांवरच्या जिवाणूंच्या थरात प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं पसरू शकतात, आणि मला हीच बाब अधिक गंभीर वाटते. गोळ्या संडासात टाकाव्यात का, हे पडताळण्यासाठी औषधासोबतचं माहितीपत्रक वाचा. ‘सांडपाण्यात टाकू नये’ अशी सूचना अनेकांत असते.