'खून बटलरनेच केला' हे वाक्य राइनहार्टबाईंचं नाही

रहस्यकथांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास सांगतं: 'द बटलर डिड इट' हे वाक्य अमेरिकन लेखिका मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्या 'द डोअर' (१९३०) या कादंबरीतलं. खुनी बटलर (श्रीमंत घरातला मुख्य नोकर) ही युक्तीही म्हणे त्यांचीच.

कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळा, हे वाक्य सापडणार नाही. खुनी बटलर निघतो, एवढं मात्र खरं (शेवट फोडल्याबद्दल माफी, पण पुस्तकाने नव्वदी ओलांडली आहे). युक्तीचं म्हणाल, तर अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ सालीच रहस्यकथाकारांसाठी २० नियम छापले होते. त्यातला एक: नोकराला गुन्हेगार ठरवू नये, ती फार सोपी सोडवणूक होते. म्हणजे 'द डोअर' येण्याआधीच हा प्रकार शिळा झाला होता!

नर्सिंग शिकलेल्या राइनहार्टबाई लेखनाकडे वळल्या त्या पैशांसाठी. १९०३ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि डॉक्टर नवऱ्यासकट घर कर्जात बुडालं. १९०८ च्या 'द सर्क्युलर स्टेअरकेस'ने नाव झालं. 'द डोअर' निघाली ती मुलांच्या नव्याकोऱ्या प्रकाशनसंस्थेतून.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बर गावच्या बंगल्यात खुद्द बाईंवरच पिस्तूल रोखलं गेलं. चाप ओढला, पण गोळी सुटलीच नाही. पिस्तूल धरणारा होता त्यांचा वर्षानुवर्षांचा स्वयंपाकी. बटलर नव्हे.