हाफ क्लच आणि साडेतीन इस्त्र्या

निंबाखाली गोणपाटावर ठेवलेल्या क्लच प्लेटीला दुसऱ्या दिवशीही वास येत होता. माझा मावसभाऊ चाळीसगावचा. पिकअपमध्ये केळी भरून तो कन्नडचा घाट चढत होता. वर कुठेतरी ट्रक आडवा झाला आणि रांग मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तासाभराने इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी ओढेना. माल दुसऱ्या गाडीत घालून पिकअप टोचन करून घरी आणली. गल्लीतला प्रत्येक जण विचारून जायचा, "काय व्हयनं भो?"

व्हयनं ते असं. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील म्हणजे एक जड चाक फिरतं. त्याच्यावर क्लच प्लेट आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट. ही ताकद जोडायला ना दाते, ना खिळे; सगळा भार घर्षणावर. पेडल दाबलं की दाब सुटतो, सोडलं की पकड बसते.

आता एक गंमत. 1699 साली आमोंतों या फ्रेंच माणसाने सांगितलं की घर्षण दाबावर ठरतं, टेकलेल्या जागेवर नाही. वीट आडवी ओढा की उभी, जोर जवळपास सारखाच लागतो. मग प्लेट एवढी रुंद कशाला? पकडीसाठी नाहीच. रुंदी लागते ती उष्णता पसरायला आणि झीज वाटून घ्यायला.

उष्णता किती? सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कायम ठेवून गाडी उचलली, तर क्लचमधून जाणारी निम्मी ऊर्जा गाडीला मिळते आणि निम्मी प्लेट तापवते. क्लच हळू सोडा की झटकन, हिशेब निम्म्याचाच. फेरे दुप्पट ठेवले तर मात्र उष्णता चौपट होते. रेस देऊन गाडी उचलणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

घाटात तर निम्मेही गाडीला मिळत नाहीत. भरलेली पिकअप तीन टनांची धरू, चढ वीस फुटांत एक फूट. तिला मागे न जाऊ देता धरून ठेवायला सुमारे 1470 न्यूटन बल लागतं. इंजिनाचे फेरे मिनिटाला 1200 असताना पहिल्या गिअरमध्ये ती ताशी नऊ किलोमीटरने चढली असती. आपण ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून प्लेट घसरत ठेवून, तिला जागेवरच उभी ठेवली, की चढण्याची ती सगळी ताकद प्लेटीत मुरते. गुणाकार केला तर साधारण 3700 वॅट येतात. म्हणजे हजार वॅटच्या निदान साडेतीन इस्त्र्या जेवणाच्या ताटाएवढ्या चकतीवर, तेही बंद डब्यात, आणि बाहेर खान्देशातला मे महिना.

प्लेटीचं अस्तर तंतू आणि रेझिन मिळून बनतं. जळका वास त्या रेझिनचा. आमच्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. लोखंड साधारण 300 अंशांपर्यंत तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि उजेड त्यात निळा दिसतो. पाण्यावरच्या डिझेलच्या तवंगात रंग दिसतात, तसाच प्रकार. थर्मामीटरची गरजच उरली नाही. डागांसोबत बारीक चिरा दिसल्या, म्हणून फ्लायव्हील लेथवर फेसिंगला, म्हणजे वरचा थर कापून सपाट करायला पाठवलं.

प्लेट बदलायचं काम घरी करता येतं, पण गिअरबॉक्सखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर झोपणं म्हणजे वेडेपणा. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवली, चाकांना ठोकळे लावले, बॅटरीची वायर काढली. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही बाजूंना खडूने खूण केली, नाहीतर बॅलन्स बिघडून गाडी थरथरते. अस्तराची भुकटी तोंडाने फुंकायची नाही. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावी.

आमचे अर्धे कष्ट नवीन प्लेट मधोमध बसवण्यात गेले. जरा सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही, म्हणून त्याच मापाचा डमी शाफ्ट घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटीवर लोंबू द्यायचा नाही. ती वाकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग भाऊ डिझेलमध्ये धुऊन जुनंच लावणार होता. आतलं ग्रीस निघून गेलं असतं आणि दोन-चारशे रुपयांच्या बचतीसाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागला असता. त्यावरून आमचं थोडं वाजलं. शेवटी नवीन आणलं.

संध्याकाळी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून भावाने हळूच क्लच सोडला. इंजिन धपकन बंद पडलं, म्हणजे प्लेट घसरली नाही, पकड पक्की. एरवी यावर शिवी निघाली असती. त्या दिवशी चहा आला.