कोविडमधलं डिप्रेशन: गोष्ट 2003 पासूनची आहे

2020 मध्ये डॉक्टर-नर्सना डिप्रेशन येतंय अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं हे काहीतरी नवीनच, पण 2003 च्या सार्समध्येच (श्वसनाच्या आजाराची साथ) हे दिसून गेलेलं. तेव्हा जगभरात पेशंट 8000 च्या आसपास, पण त्यातला साधारण पाचवा हिस्सा हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचाच! साथ काही महिन्यांत आटपली, पण कॅनडातल्या टोरांटोत वर्ष-दोन वर्षांनी तपासलं तर सार्सचे पेशंट सांभाळलेला स्टाफ अजून सावरलाच नव्हता. जवळच्याच हॅमिल्टन शहरात सार्सचे पेशंट नव्हते, तिथल्या स्टाफपेक्षा टोरांटोवाल्यांमध्ये ताण जास्त, काहींनी कामाचे तास कमी केलेले, सिगारेट-दारू वाढलेली.

मग कोविड आला. 2020 च्या सुरुवातीलाच चीनमधल्या 34 हॉस्पिटलांतल्या 1257 जणांना विचारलं तर 50.4 टक्क्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं, त्यातही नर्स, बायका आणि वुहानमधल्यांना त्रास जास्त.

आता "लक्षणं" हा शब्द सोडू नका, बातम्यांनी नेमका तोच सोडला. हे मोजतात पीएचक्यू-9 नावाच्या फॉर्मवर, म्हणजे गेल्या 2 आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का असे 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. आता सलग नाईट मारलेल्या नर्सला झोप आणि थकव्याचं विचारलं तर मार्क पडणारच ना? त्या 50 टक्क्यांतले बरेचसे सौम्य होते. त्रास खोटा नाही, पण "निम्मा स्टाफ डिप्रेशनमध्ये" असं म्हणणं चूक.

बाकी लोकांचं वेगळं, तिथे पैशाचा घोर मोठा. अमेरिकेत अशी लक्षणं असलेले साथीआधी 8.5 टक्के होते ते 2020 मध्ये 27.8 झाले, आणि ज्यांच्या गाठीला पैसा कमी त्यांचे हाल जास्त.

आपल्याकडे 22 मार्चला थाळ्या वाजवल्या आणि त्याच सुमारास काही घरमालक डॉक्टर-नर्सना खोली खाली करा म्हणत होते. हल्ले वाढले म्हणून एप्रिलमध्ये वटहुकूम काढून 1897 चा साथरोग कायदा दुरुस्त केला, तोच तो मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये इंग्रजांनी आणलेला. अंगावर हात टाकणाऱ्याला शिक्षेची सोय झाली, मनाचं मात्र लांबलं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन (14416) सुरू झाली 10 ऑक्टोबर 2022 ला, तोवर ओमिक्रॉनसुद्धा येऊन गेलेला.