रॉ फाइल मिळाल्या, पण उघडत नाहीत?

लग्नामुंजीचे फोटो काढणारा पेनड्राइव्ह हातात देऊन जातो. घरी कॉम्प्युटरला लावावा, तर फोटोंच्या जागी नुसत्या कोऱ्या चौकटी. दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह धडधाकट असतो. त्यात रॉ फाइल असतात. नावाच्या शेवटी सीआर२ किंवा सीआर३ असेल तर कॅमेरा कॅननचा, एनईएफ असेल तर निकॉनचा, एआरडब्ल्यू असेल तर सोनीचा.

रॉ म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरने (प्रकाश टिपणाऱ्या चकतीने) टिपलेली मूळ नोंद. पांढरा किती पिवळसर धरायचा, उजेड किती उचलायचा, हे त्यात अजून ठरायचं असतं. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, फक्त २५६. म्हणून मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली हळदीने माखलेले चेहरे आणि साड्या एकाच रंगात बुडाल्या असतील, तर रॉवरून त्या निराळ्या काढता येतात. गरब्याच्या मैदानावरच्या निळ्या-जांभळ्या एलईडीपुढे मात्र रॉचंही फारसं चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रॉचं जेपेग ऑनलाइन करावं का?

पाच-दहा फोटो असतील तर जरूर करा, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. रॉचं जेपेग करून देणाऱ्या साइटवर फाइल चढवायची, जेपीजी (म्हणजे जेपेगच) निवडायचं, तयार फोटो उतरवून घ्यायचा. फक्त तो किती पिक्सेलचा (ठिपक्यांचा) आला ते बघा. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात सहसा एक तयार जेपेग असतो, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवण्यासाठी. काही साइट रॉला हातही न लावता तोच काढून देतात, आणि तो बरेचदा लहान असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो साधारण ६०००×४००० भरतो. ८×१२ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर निदान २४००×३६०० पिक्सेल हवेत. मोबाइलवर झकास दिसणारा फोटो अल्बममध्ये धूसर येतो तो इथे.

रंगही साइट आपल्या अंदाजाने ठरवते. कॅमेऱ्यावर पाहिलेला फोटो तिथून फिका किंवा काळपट होऊन आला, तर फाइल बिघडली असं समजू नका.

पाचशे फोटोंची गोष्ट वेगळी. एकेक रॉ २५-३० एमबीची धरली तरी १२ ते १५ जीबी चढवायचे! शिवाय घरच्या बायकामुलांचे फोटो अनोळखी सर्व्हरवर जातात. फाइलमध्ये तारीख-वेळ असते, आणि कॅमेऱ्याचं जीपीएस चालू असेल तर जागासुद्धा. आमचं मत विचाराल तर एवढं काम घरच्या कॉम्प्युटरवरच करावं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कोणत्याही कंपनीच्या फाइलसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. कॅमेरा नवा नि सॉफ्टवेअर जुनं असेल तर फाइल उघडणार नाही. अशा वेळी अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून आधी डीएनजी (अडोबीची सर्वसामान्य रॉ फाइल) करून घ्या.

प्रिंटसाठी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी जेपेग पुरे, कलर स्पेस (रंगांची पट्टी) नेहमीची एसआरजीबी. फोटोवर पुढे बारीक काम करायचं असेल तर १६ बिट टिफ (जेपेगपेक्षा मोठी, तपशील राखणारी फोटो-फाइल). व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आणखी दाबला जातो. आणि जेपेग हातात आले म्हणून रॉ पुसू नका. जेपेगवरून रॉ परत बनवता येत नाही.

आमच्याकडे काम दिलंत तर आधी दोन-तीन फोटो करून दाखवतो. रंग पसंत पडले की बाकीचे. सोबत एक रिकामा पेनड्राइव्ह आणा, मूळ फाइलींची नावं बदलू नका. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कामं तुंबलेली असतात, तेव्हा घाईचं असेल तर आधी फोन करून या.