मंदावलेल्या बाजारात घर घेताना हातात किती रक्कम हवी?

बाजार मंदावला की घासाघीस करायला वाव मिळतो. खिशातून घालायची रक्कम मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, उलट कधी कधी वाढते. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत, यांत जो आकडा कमी असेल त्यावर कर्ज मिळतं. भाव उतरत असताना व्हॅल्युअर हात आखडता घेतात.

पुण्यातला एक रीसेल फ्लॅट घेऊ. मागणी ८० लाखांची, सौदा ७२ लाखांना. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, म्हणून बहुतेकजण १४ लाख ४० हजार बाजूला काढून निर्धास्त होतात. व्हॅल्युएशन ६८ लाख आलं, तर कर्ज जास्तीत जास्त ५४ लाख ४० हजार आणि तुमचा हिस्सा १७ लाख ६० हजार. शिवाय मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार (घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५ हजार, एजंटचं कमिशन १ टक्का धरून ७२ हजार. बेरीज २३ लाख ९१ हजार! मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी बँक सहसा कर्ज देत नाही. वकील, प्रोसेसिंग फी आणि रंगकाम तर यात धरलेलंच नाही.

रेडी रेकनरचा दर, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला मालमत्तेचा दर, आधी बघा. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. याच फ्लॅटची रेकनर किंमत ८२ लाख निघाली, तर शुल्क ५ लाख ७४ हजार. त्याहून मोठा फटका आयकराचा. फरक सौद्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असला की पूर्ण १० लाख तुमचं उत्पन्न धरलं जातं. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३ लाख १२ हजार कर. अशा वेळी आणखी भाव पाडून घेण्यात शहाणपण नाही.

सौदा ५० लाख किंवा जास्त असेल, तर विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची. कापायचा राहिला तर आयकर खातं तुम्हालाच विचारतं.

हप्ता आधी जगून बघा. ५४ लाख ४० हजार, २० वर्षं, ८.५ टक्के: महिन्याला सुमारे ४७,२०० रुपये. ९ टक्क्यांना तो ४८,९५० च्या आसपास जातो. आत्ताचं भाडं वजा करून उरलेली रक्कम सहा महिने वेगळ्या खात्यात टाका. ओढाताण झाली तर घराचा आकडा खाली आणा. या काळात गाडीचं कर्ज किंवा नवं क्रेडिट कार्ड घेऊ नका. डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन तर नकोच, त्याचा हप्ता तुमची कर्जपात्रता खातो. शेअर किंवा म्युच्युअल फंडातले पैसे लागणार असतील तर आधीच एफडीत वळवा. तुम्ही तुमचा हिस्सा भरल्याची पावती बघूनच बँक चेक काढते, त्यामुळे आधी वळवले नाहीत तर ते घाईत तोट्यात विकावे लागतात.

टोकन देण्याआधी बँकेकडून कर्जाचं मंजुरीपत्र घ्या. कर्ज नामंजूर झालं किंवा व्हॅल्युएशन ठरावीक आकड्याखाली आलं तर टोकन परत, हे लेखी करून घ्या. गिऱ्हाईक कमी असताना विक्रेते ही अट मान्य करतात. तेजीत कुणी ऐकूनही घेत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या निकषात बसलं तर १ टक्का), भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलं तर लागत नाही. नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हा रेराचा (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा) नियम. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ या योजना मंदीत पुन्हा डोकं वर काढतात. कर्ज तुमच्याच नावावर असतं, आणि बिल्डरने हप्ता थकवला की सिबिल स्कोअर तुमचाच पडतो. आमचा सल्ला: तेवढी सूट थेट किमतीत मागा.