पै, लक्ष्मण

(२१ जानेवारी १९२६ – १४ मार्च २०२१). गोमंतकीय चित्रकार व कलाशिक्षक. जन्म मडगावचा. विषय बदलले, शहरे बदलली, पण त्यांचे चित्र ओळखू येते ते रेषेवरून.

हाताला पहिले वळण लागले मडगावच्या मावजो फोटो स्टुडिओत, कृष्णधवल छायाचित्रे रंगवताना. या कामाला छायाचित्र मॅट कागदावरचे लागते; चकचकीत कागद रंग धरत नाही. आधी टर्पेंटाइनचा हलका हात फिरवायचा, मग काडीला गुंडाळलेल्या कापसाने तैलरंग विरळ चोळायचा आणि स्वच्छ कापसाने जादाचा टिपून घ्यायचा. छाया मूळ छायाचित्राचीच असते. रंग तिच्यावरून पारदर्शक जायला हवा. पांढरा मिसळून दाट केलेला रंग लावला, की नाकाजवळची, हनुवटीखालची छाया बुजते आणि चेहरा सपाट दिसू लागतो. पावसाळ्यात रंग ओलसर राहतो. घाईने चौकटीत घातलेला फोटो काचेला चिकटतो.

१९४३ ते १९४७ या काळात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. पुढे तेथेच काही काळ अध्यापन. १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. तेथे फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरचे भित्तिचित्र) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेले छापचित्र) शिकले. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच घालतात. तो ओला असतानाच पाण्यात घोटलेला रंग लावायचा. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकतो. उशीर झाला, तर रंग वरच बसतो आणि पुढे पापुद्र्यांनी सुटतो. ओढलेली रेषा पुसता येत नाही. चुकली तर तेवढा गिलावा खरवडून नव्याने घालावा लागतो. पैंच्या न अडखळणाऱ्या रेषेमागे या सवयीचाही वाटा मानायला हवा.

परदेशात राहूनही त्यांनी विषय घेतले ते गीतगोविंद, रामायण, बुद्धचरित्र यांतले. बाजूने दिसणारे चेहरे, लांब डोळे, सपाट रंगक्षेत्रे ही भारतीय लघुचित्रांची वाट त्यांनी सोडली नाही. ते सतार आणि बासरी वाजवत. रागांवरची चित्रमाला त्यातूनच आली, आणि त्यांचे सर्वांत स्वतःचे काम तेच. तिथे एकच रेषा वळत, गुंडाळत जाते आणि तिच्यातूनच मानवी आकृती तयार होते.

१९७७ ते १९८७ ते पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. हे महाविद्यालय १९७२ मध्ये निघाले. तोवर चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यायचे, तर गोव्यातल्या मुलाला बाहेरची वाट धरावी लागे. पैंनीही तीच धरली होती. पॅरिस पाहून आलेला, रोज स्वतः चित्र काढणारा प्राचार्य त्या नव्या महाविद्यालयाला दहा वर्षे लाभला, हे गोव्याच्या कलाशिक्षणाचे मोठे भाग्य.

ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री (१९८५) आणि पद्मभूषण (२०१८) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. अखेरची वर्षे त्यांनी दोना पावला येथे काढली.