अनिस मोन (ब्रिटिश संसदेचा मतदारसंघ)

अनिस मोन : वेल्सच्या वायव्य टोकाशी असलेल्या अँगल्सी बेटाचा ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील एकसदस्यीय मतदारसंघ. अँगल्सी हे बेटाचे इंग्रजी नाव. वेल्श भाषेत 'अनिस' म्हणजे बेट आणि 'मोन' हे त्या बेटाचे नाव. १९८३ पासून मतदारसंघाचे अधिकृत नावही हेच आहे. क्षेत्रफळ सुमारे ७१४ चौ. किमी., लोकसंख्या सुमारे ६९ हजार आणि मतदार ५० हजारांहून थोडे अधिक. गेल्या शंभर वर्षांत उदारमतवादी, मजूर, हुजूर आणि प्लाइड कम्री (वेल्श राष्ट्रीय पक्ष) अशा चार पक्षांचे खासदार या बेटाने लंडनला पाठवले. ब्रिटनमध्ये असा मतदारसंघ शोधून सापडणे कठीण. त्यामुळे याला बेभरवशाचा मतदारसंघ म्हणतात. पण निकाल एकाखाली एक मांडून पाहिले तर मतदार वाऱ्याप्रमाणे फिरणारे वाटत नाहीत. १९५१ नंतर ७० वर्षांहून अधिक काळ या बेटाने एकाही विद्यमान खासदाराला पाडले नाही. जागा रिकामी झाली की मगच पक्ष बदलायचा, अशी इथली रीत होती. ती २०२४ मध्ये मोडली.

लढती इतक्या अटीतटीच्या का होतात, याचे निम्मे उत्तर बेटाच्या नकाशात आहे. पश्चिमेला होलीहेड हे बंदर. डब्लिनची जहाजे इथून सुटतात आणि लंडनहून येणारी रेल्वे इथे संपते. गोदी कामगार आणि रेल्वे कामगारांची ही वस्ती मजूर पक्षाची. मधला सपाट शेतीचा भाग आणि ह्लान्गेव्नी हे बाजाराचे गाव वेल्श बोलणारे, म्हणून प्लाइड कम्रीला जवळचे. पूर्वीच्या काळी या शेतांचे धान्य साऱ्या वेल्सला पुरे, त्यावरून 'मोन माम कम्री', म्हणजे 'मोन, वेल्सची आई', असे म्हणत. किनाऱ्यावरच्या गावांत निवृत्तीनंतर इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले लोक बरेच आहेत आणि त्यांचा कल हुजूर पक्षाकडे असतो. उत्तर टोकाला अम्लुख हे गाव आणि विल्वाचे आता बंद असलेले अणुऊर्जा केंद्र, जिथे मत रोजगाराच्या हिशेबाने पडते. २०२१ च्या जनगणनेत बेटावरील ५५.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येते असे सांगितले. यांतल्या कोणत्याही एका गटाच्या बळावर जागा जिंकता येत नाही. दोन-तीन हजार मते इकडची तिकडे झाली की खासदार बदलतो.

सोळाव्या शतकात वेल्सचा इंग्लंडशी कायदेशीर विलय झाला, तेव्हापासून बेटाला संसदेत जागा आहे. पुढची तीन शतके ती बड्या जमीनदार घराण्यांच्या, विशेषतः बल्कली आणि पॅजेट कुटुंबांच्या हातात राहिली. ब्यूमॅरिस या जुन्या गावाची वेगळी जागा १८८५ पर्यंत होती. नंतर साऱ्या बेटाला एकच खासदार उरला. मताधिकार वाढला, चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या चॅपलपंथी शेतकऱ्यांचा आवाज वाढला आणि जागा उदारमतवादी पक्षाकडे गेली. एलिस एलिस-ग्रिफिथ १८९५ पासून २३ वर्षे इथले खासदार होते. १९१८ मध्ये ब्रिगेडियर जनरल सर ओवेन टॉमस यांनी मजुरांच्या पाठिंब्यावर त्यांना अवघ्या १४० मतांनी हरवले. टॉमस यांचे तीन मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. ते सैन्यातले मोठे अधिकारी, तरी शेतमजुरांनी त्यांना आपला माणूस मानले. या बेटावर उमेदवाराचा माणूस म्हणून विचार होतो, हे तेव्हाच दिसले होते. १९२३ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत जागा पुन्हा उदारमतवाद्यांकडे आली.

१९२९ मध्ये मेगन लॉइड जॉर्ज इथून निवडून आल्या. वेल्समधून संसदेत गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. माजी पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची ही धाकटी मुलगी. वडिलांचा कार्नार्वन मतदारसंघ बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या मेनाई सामुद्रधुनीच्या पलीकडेच होता, त्यामुळे नाव आधीच घरोघरी पोहोचलेले. पण केवळ नावावर २२ वर्षे निघत नाहीत. त्या अस्खलित वेल्श बोलत. ग्रामीण भागातल्या घरांच्या दुरवस्थेवर त्यांचे संसदेतले पहिले भाषण झाले. १९३१ मध्ये त्यांचा पक्ष अनेक पक्षांच्या राष्ट्रीय सरकारच्या प्रश्नावर फुटला, तेव्हा त्या वडिलांबरोबर सरकारच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि तरीही जागा राखली.

१९४५ मध्ये त्यांच्यासमोर क्लेडविन ह्यूज हा तरुण वकील मजूर पक्षातर्फे उभा राहिला. होलीहेडमध्ये जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा. तो हरला. १९५० मध्ये पुन्हा उभा राहिला, पुन्हा हरला. १९५१ मध्ये तिसऱ्यांदा उभा राहिला आणि ५९५ मतांनी जिंकला. ह्यूज यांना ११,८१४ आणि मेगन यांना ११,२१९ मते पडली. या निकालाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण त्याच निवडणुकीत ॲटलींचे मजूर सरकार पडले आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. देशभर मजूर पक्ष मागे सरकत असताना या बेटावर तो जिंकला. मेगन स्वतः विचारांनी मजूर पक्षाच्या जवळ गेल्या होत्या; त्यांना हरवणारा त्यांच्याहून फार वेगळे काही बोलत नव्हता. होलीहेडच्या संघटित मतांपुढे चॅपल आणि शेतकऱ्यांची जुनी युती कमी पडली, एवढाच फरक. चार वर्षांनी मेगन मजूर पक्षात गेल्या आणि १९५७ मध्ये कार्मार्थनची पोटनिवडणूक जिंकून संसदेत परतल्या. १९६६ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या त्या जागेवर ग्विन्वर एव्हान्स निवडून आले, प्लाइड कम्रीचे पहिले खासदार. वेल्श राजकारणातल्या दोन मोठ्या वळणांवर ही एकच स्त्री उभी आहे.

ह्यूज २८ वर्षे खासदार राहिले. १९६६ ते १९६८ ते वेल्स खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, १९६७ मध्ये, वेल्श भाषेला न्यायालयात आणि शासनव्यवहारात स्थान देणारा कायदा झाला. मजूर पक्षात राहूनही वेल्श अस्मितेबद्दल आस्था बाळगता येते हे त्यांनी दाखवले आणि राष्ट्रवादी मतांचा मोठा हिस्सा स्वतःकडे धरून ठेवला. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि ती बांधलेली मोळी सुटली. मजूर पक्षाने कार्डिगनचे माजी खासदार एलिस्तान मॉर्गन यांना उभे केले. उमेदवार वजनदार होता, वेल्श बोलणारा होता, तरी तीन हजारांहून कमी मतांनी हुजूर पक्षाचे कीथ बेस्ट निवडून आले. बेस्ट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनचे नगरसेवक. थॅचर लाटेचा हा विजय, त्यात शंका नाही. पण विरोधातली मते दोन ठिकाणी विभागली गेल्याशिवाय तो शक्य नव्हता. १९८३ मध्येही बेस्ट जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर आता प्लाइड कम्री आली होती.

ब्रिटिश टेलिकॉमचे शेअर विक्रीला निघाले, तेव्हा एका व्यक्तीला एकच अर्ज करण्याची मुभा होती. बेस्ट यांनी अनेक अर्ज केल्याचे उघडकीस आले. ते १९८७ ची निवडणूक लढले नाहीत. पुढे त्यांना शिक्षाही झाली. अपिलात तुरुंगवास रद्द होऊन दंड राहिला. रिकाम्या झालेल्या जागेवर येयान विन जोन्स हे प्लाइड कम्रीचे वकील उमेदवार ४,२९८ मतांनी विजयी झाले. थॅचर यांची ती सलग तिसरी जीत होती. बेटाने देशाच्या उलट कौल दिला. १९९२ मध्ये त्यांचे मताधिक्य १,१०६ वर घसरले, १९९७ च्या ब्लेअर लाटेत मात्र ते २,४८१ झाले.

वेल्सला स्वतःचे विधिमंडळ मिळाल्यावर जोन्स १९९९ मध्ये वेल्सची राजधानी कार्डिफला गेले आणि २००१ मध्ये लंडनची जागा सोडली. इथून या बेटाच्या इतिहासातला सर्वांत बोलका काळ सुरू होतो. विधिमंडळासाठी बेटावरचे मतदार प्लाइड कम्रीला मत देत राहिले आणि लंडनसाठी मजूर पक्षाला. होलीहेडमध्ये वाढलेले, तरुणपणी व्यापारी जहाजांवर काम केलेले ॲल्बर्ट ओवेन २००१ मध्ये ८०० मतांनी निवडून आले. २००५ मध्ये मताधिक्य १,२४२ होते. त्या वेळी पीटर रॉजर्स या शेतकऱ्याने अपक्ष उभे राहून पाच हजारांवर मते घेतली, ती हुजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवारापेक्षा जास्त होती. २०१० मध्ये ओवेन यांचे मताधिक्य २,४६१ होते. २०१३ मध्ये जोन्स यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. त्या पोटनिवडणुकीत प्लाइड कम्रीचे रीन आप योर्वर्थ तब्बल ९,१६६ मतांनी जिंकले, मजूर उमेदवाराची पार दाणादाण उडाली. दोनच वर्षांनी त्याच मतदारांनी लंडनसाठी मजूर पक्षाच्या ओवेन यांना निवडले, मताधिक्य फक्त २२९. ओवेन १०,८७१, प्लाइड कम्रीचे जॉन रोलंड्स १०,६४२. विजेत्याला एक तृतीयांश मतेही नव्हती. याला मतदारांचा गोंधळ म्हणणे अन्यायाचे होईल. कार्डिफला कोण हवे आणि लंडनला कोण हवे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांना चांगले कळत होते.

विल्वाचा प्रश्न समजून घेतल्याशिवाय इथले अलीकडचे राजकारण कळत नाही. विल्वाचे अणुऊर्जा केंद्र १९७१ पासून वीज देत होते. ३० डिसेंबर २०१५ रोजी ते बंद झाले. त्याआधी २००९ मध्ये होलीहेडजवळचा ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना थांबला होता. चांगल्या पगाराच्या नोकऱ्या हातून जात होत्या आणि तरुण मुले मेनाईचे पूल ओलांडून बाहेर जात होती. मुले गेली की वेल्श बोलणारी घरे कमी होतात, हे दुखणे नोकरीच्या दुखण्याहून वेगळे काढता येत नाही. म्हणूनच प्लाइड कम्रीचा एकूण कल अणुऊर्जेविरुद्ध असूनही बेटावरचे त्यांचे उमेदवार विल्वा इथल्या नव्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या बाजूने बोलत आले. पक्षात त्यावरून कुरबुर झाली, पण बेटावर दुसरे काही बोलून निवडून येणे अवघड होते. हिताची कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये नव्या प्रकल्पाचे काम थांबवले आणि सप्टेंबर २०२० मध्ये अंग काढून घेतले.

आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. १९९७ मध्ये वेल्सला विधिमंडळ हवे का, या सार्वमतात बेटावर ५०.९ टक्के लोकांनी 'होय' म्हटले. २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडायचा का, या सार्वमतात सोडण्याच्या बाजूने ५०.९ टक्के मते पडली. पहिल्या वेळी फरक ५५४ मतांचा, दुसऱ्या वेळी ७१५ मतांचा. बेट किती बरोबर मधोमध दुभंगलेले आहे, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

२०१७ मध्ये ओवेन यांचे मताधिक्य अचानक ५,२५९ झाले. त्या वेळी येयान विन जोन्स पुन्हा मैदानात उतरले होते, पण तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ मध्ये ओवेन थांबले आणि जुनी रीत पुन्हा चालली : जागा रिकामी, पक्ष नवा. हुजूर पक्षाचा आधीचा उमेदवार टीका झाल्याने ऐन वेळी मागे हटला आणि व्हर्जिनिया क्रॉस्बी यांना घाईने आणले गेले. बेटाशी त्यांचा जुना संबंध नव्हता, तरी त्या १,९६८ मतांनी जिंकल्या. त्यांना १२,९५९, मजूर पक्षाच्या मेरी रॉबर्ट्स यांना १०,९९१ आणि प्लाइड कम्रीचे आलेद आप दाविद यांना १०,४१८ मते होती. युरोपात राहू इच्छिणाऱ्यांची मते फुटू नयेत म्हणून उदारमतवादी लोकशाहीवाद्यांनी इथे उमेदवारच दिला नव्हता, पण मजूर आणि प्लाइड कम्री यांच्यातली फूट कायम राहिली. क्रॉस्बी यांनी उपरेपणाचा शिक्का पुसण्यासाठी विल्वाचा प्रश्न हिरिरीने लावून धरला, करसवलतींच्या मुक्त बंदर योजनेत बेटाचा समावेश व्हावा म्हणून धडपड केली, आणि २०२३ मध्ये तो झालाही. पण त्याच वर्षी ह्लान्गेव्नीतला कोंबडीचे मांस तयार करणारा कारखाना बंद पडून सातशेहून अधिक लोकांची नोकरी गेली.

२०२४ च्या निवडणुकीआधी वेल्समधील जागा ४० वरून ३२ झाल्या. बहुतेक मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. अनिस मोनला हात लागला नाही. आधीच्या फेररचनेच्या प्रस्तावांत बेटाला मुख्य भूमीचा तुकडा जोडण्याचा विचार होता. २०२० च्या कायद्याने काही बेटांना मतदारसंख्येच्या अटीतून सूट दिली, त्यांत वेल्समधील हे एकमेव. आठ जागा गमावणाऱ्या वेल्सला हा छोटा दिलासा होता आणि तो योग्यच होता. सामुद्रधुनीने वेगळे केलेल्या लोकांना कागदावर एकत्र करून त्यांचा प्रतिनिधी एक होत नाही.

निवडणुकीत प्लाइड कम्रीने बेटाच्या परिषदेच्या नेत्या ह्लिनोस मेदी यांना उमेदवारी दिली. योर्वर्थ यांना लंडनची उमेदवारी मिळालेली होती, पण २०२३ मध्ये पक्षाचे नेतृत्व आल्यावर त्यांनी ती सोडली. देशभर मजूर पक्षाची लाट होती, पण इथे त्याचा उमेदवार तिसरा आला. मेदी यांना १०,५९०, क्रॉस्बी यांना ९,९५३ मते पडली. ६३७ मतांनी जागा २३ वर्षांनी प्लाइड कम्रीकडे परतली. हुजूर पक्षाची वेल्समधली एकही जागा उरली नाही. आणि मेगन लॉइड जॉर्ज यांच्यानंतर पहिल्यांदाच बेटाने खुर्चीवरच्या खासदाराला घरी पाठवले. दोन्ही वेळा हरलेली उमेदवार स्त्री होती आणि फरकही जवळपास सारखा, ५९५ आणि ६३७.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने देशातील पहिल्या छोट्या अणुभट्ट्यांसाठी विल्वाची जागा जाहीर केली. विधिमंडळात मात्र बेटाची वेगळी जागा २०२६ पासून राहिली नाही. नव्या रचनेत बँगोर, कॉनवी आणि मोन मिळून सहा सदस्यांचा एक मतदारसंघ झाला. त्यामुळे सारे बेट एकटे मिळून एकच प्रतिनिधी निवडते, असे आता फक्त लंडनच्या संसदेसाठी घडते.